विश्लेषण : डिझेल पिकअपमधला ‘थ्रॉटल सेन्सर’ जागेवरून का हलवतात? त्यात नेमका धोका कशात असतो?

घाटाचा चढ, मागे भरलेला ट्रेलर आणि पुढच्या गाडीला मागे टाकण्यासाठी चालकाने दाबलेले अ‍ॅक्सिलरेटर पेडल. पण इंजिन काही रेस घेत नाही. ते बंद पडलेले नसते, संथपणे फिरत असते. पेडल पूर्ण खाली दाबले तरी वेग वाढत नाही. काही सेकंदांनी किंवा चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सगळे आपोआप ठीक होते, आणि पुढच्या वेळी नेमके कधी बिघडेल हे सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या डॉज रॅम पिकअपच्या मालकांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. विशेषतः कमिन्सचे ५.९ लिटरचे २४ व्हॉल्व्ह डिझेल इंजिन असलेल्या, १९९८ च्या मध्यापासून पुढच्या काही वर्षांतल्या गाड्यांमध्ये. त्यांच्या बोलीत याला ‘डेड पेडल’ म्हणतात. यामागे अनेकदा मुठीत मावेल एवढा एक भाग असतो : अ‍ॅक्सिलरेटर पेडल पोझिशन सेन्सर, म्हणजेच ‘एपीपीएस’. तो बदलून कंटाळलेले किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार करणारे काही जण तो मूळ जागेवरून काढून दुसरीकडे बसवतात. काम दिसायला सोपे आहे : चार बोल्ट, एक केबल, काही वायरी. पण पायाखालचे पेडल आणि इंजिन यांच्यातला एकमेव दुवा इथे हाताळला जातो, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवे.

डिझेल इंजिनात ‘थ्रॉटल’ असतो का?

पेट्रोल इंजिनात हवा आत येण्याच्या वाटेवर एक गोल झडप असते. पेडल दाबले की ती उघडते, हवा जास्त येते आणि त्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते. या झडपेला थ्रॉटल म्हणतात. तिच्या अक्षावर बसवलेला सेन्सर झडप किती उघडली हे सांगतो.

डिझेल इंजिनाचे गणित वेगळे आहे. त्यात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा अडवायची गरज नसते. जेवढी येईल तेवढी हवा येऊ द्यायची आणि ताकद किती हवी ते फक्त डिझेलच्या मात्रेवर ठरवायचे, अशी ही रचना आहे. म्हणून जुन्या डिझेल इंजिनात थ्रॉटल नावाची झडपच नव्हती. आजच्या अनेक डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर झडप दिसते, पण ती मुख्यतः धुराच्या नियंत्रणासाठी असते. पायाखालच्या पेडलाशी तिचा थेट संबंध नसतो.

त्यामुळे डिझेल पिकअपमधल्या ज्या भागाला सगळे ‘थ्रॉटल सेन्सर’ म्हणतात, तो खरे तर थ्रॉटल मोजत नाही. चालकाचा पाय किती खाली गेला आहे, एवढेच तो मोजतो. नाव पेट्रोल गाड्यांतून आले आणि टिकून राहिले.

मग हा सेन्सर आला कुठून?

१९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे डिझेल इंजिन मिळू लागले. सुरुवातीच्या गाड्यांत आणि १९९४ नंतरच्या १२ व्हॉल्व्ह इंजिनांत बॉशचे यांत्रिक इंधन पंप होते. पेडलापासून निघालेली केबल थेट पंपाच्या लिव्हरला जोडलेली असे. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ज्याला ‘रेस वायर’ म्हणतात, तीच ही गोष्ट. पाय दाबला, वायर ओढली गेली, लिव्हर फिरला, डिझेल वाढले. मधे कुणी संगणक नाही.

१९९८ च्या मध्यात २४ व्हॉल्व्हचे इंजिन आले आणि त्यासोबत बॉशचा व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंप आला. आता डिझेल किती द्यायचे हे संगणक ठरवणार होता. त्याला चालकाची इच्छा कळायला हवी होती. पण पेडल आणि केबल ही जुनी व्यवस्था तशीच ठेवली गेली. केबल इंजिनाच्या डाव्या बाजूला वर असलेल्या एका लिव्हरपर्यंत जाते, तो लिव्हर फिरतो आणि त्याच्याशी जोडलेला सेन्सर ते फिरणे विजेच्या दाबात बदलून संगणकाला कळवतो. म्हणजे अर्धा रस्ता तारेचा आणि अर्धा विजेचा, अशी ही मधल्या काळातली रचना होती.

२००३ च्या मॉडेलपासून कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आले, तेव्हाही केबल राहिली. फक्त सेन्सर इंजिनावरून उचलून चालकाच्या बाजूच्या बॅटरीच्या ट्रेखाली नेला गेला. म्हणजे सेन्सरची जागा बदलण्याचा पहिला प्रयोग कंपनीनेच केला होता.

तो काम कसे करतो?

सेन्सरच्या पोटात एक पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा, तसाच. एका वक्राकार पट्टीवर विजेला अडथळा करणारा थर असतो आणि त्यावरून एक बारीक पाते सरकते. पट्टीच्या एका टोकाला संगणकाकडून ५ व्होल्ट येतात, दुसरे टोक अर्थला जोडलेले असते. पाते ज्या जागी असेल त्यानुसार मधल्या वायरीवर कमी-जास्त व्होल्ट मिळतात. पाय वर असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पेडल पूर्ण दाबल्यावर त्याच्या कित्येक पट, असा सर्वसाधारण हिशेब असतो.

दोन्ही टोके मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात. वायर तुटली तर शून्य व्होल्ट दिसतील, शॉर्ट झाली तर पूर्ण ५ दिसतील. नेहमीच्या वापरात हे दोन्ही आकडे कधीच येत नाहीत, म्हणून ते दिसताच संगणकाला कळते की काहीतरी बिघडले आहे. त्रुटी वाचण्याच्या यंत्रावर दिसणारा ‘पी०१२२’ हा संकेत व्होल्ट फार कमी असल्याचा असतो आणि ‘पी०१२३’ फार जास्त असल्याचा.

याशिवाय २४ व्हॉल्व्ह इंजिनाच्या सेन्सरमध्ये एक साधा स्विचही असतो. पाय पेडलावर आहे की नाही, एवढेच तो सांगतो. संगणक दोन्ही साक्षी ताडून पाहतो. स्विच म्हणतो ‘पाय वर आहे’ आणि व्होल्ट म्हणतात ‘पाय थोडा खाली आहे’, असे झाले तर संगणक कुणावरच विश्वास ठेवत नाही. तो ‘पी०१२१’ हा संकेत नोंदवतो आणि इंजिनला आयडलवर आणतो. चालकाला जाणवणारे ‘डेड पेडल’ म्हणजे बहुतेक वेळा हाच निर्णय असतो. गाडी नको तेव्हा धावण्यापेक्षा ती हवी तेव्हा न धावणे बरे, असा त्यामागचा विचार आहे. पण मागे काही टनांचा ट्रेलर आणि भोवती महामार्गाची वाहतूक असेल, तर हा सुरक्षित पर्यायही जीव टांगणीला लावतो.

मूळ जागेत अडचण काय?

इंजिनावर बसवलेल्या सेन्सरला उष्णता आणि कंपने सतत सोसावी लागतात. मोठ्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची कंपने काही कमी नसतात. आणि पोटेन्शिओमीटरमधले पाते त्याच त्या जागी घासत राहते. महामार्गावर तासन् तास एकाच वेगाने गाडी चालवली तर पेडलही एकाच जागी असते. पट्टीचा तेवढाच भाग झिजतो. मग नेमक्या त्याच वेगाला गाडी गचके देऊ लागते.

बॅटरीच्या ट्रेखालची जागा इंजिनाच्या उष्णतेपासून दूर आहे, पण तिथे वेगळे त्रास आहेत. वर बॅटरी असल्याने आम्लाची वाफ आणि गळती यांची भीती असते. खालून चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल येतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खारे पाणी कनेक्टरमध्ये शिरले की पिना गंजतात. शिवाय तिथे हात पोहोचणे कठीण. साधी तपासणी करायची तरी चाकाच्या वरच्या पोकळीतून हात घालावा लागतो किंवा बॅटरी काढावी लागते.

तिसरे कारण फेरफारांचे. मोठा किंवा दुहेरी टर्बो, जादा इंधन पंप, हवेची रुंद नळी असे काही बसवायचे असेल तर सेन्सरचा ब्रॅकेट वाटेत येतो. हेच इंजिन काढून जुन्या ट्रकमध्ये बसवणारेही बरेच आहेत. तिथे मूळ केबल नव्या पेडलापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी सेन्सरला नवे घर शोधण्यावाचून पर्याय नसतो.

पण दोष खरेच सेन्सरचा आहे का?

जागा बदलण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न, आणि घाईत सर्वाधिक विसरला जाणाराही हाच. गंजलेली पिन, ढिली अर्थ किंवा उंदराने कुरतडलेली वायर असेल, तर सेन्सर कुठेही हलवला तरी तो दोष सोबत येतो.

तपासणी मल्टिमीटरने होते. चावी चालू पण इंजिन बंद ठेवून सिग्नलच्या वायरीवर व्होल्ट पाहायचे आणि पेडल अगदी सावकाश दाबायचे. आकडा सलग चढत जायला हवा. मधेच तो खाली पडला किंवा उडाला, तर पट्टी झिजली आहे. आकडे दाखवणाऱ्या मीटरला हा क्षणिक खड्डा पकडता येईलच असे नाही, म्हणून जुने मेकॅनिक काट्याचा मीटर वापरतात. काटा थरथरला की डोळ्यांना लगेच दिसतो.

दुसरा संशयित म्हणजे अल्टरनेटर. त्याच्यातले डायोड कमकुवत झाले की बॅटरीकडे जाणाऱ्या सरळ विजेत उलटसुलट लहरी मिसळतात. त्या लहरी सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरल्या तर संगणकाला वाटते, चालकाचा पाय थरथरतो आहे. या ट्रकच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सतत लागणे-सुटणे हे त्याचे ठरलेले लक्षण. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजले की हा दोष लक्षात येतो. अशा गाडीला सेन्सर बदलण्यापेक्षा अल्टरनेटरची दुरुस्ती हवी असते.

नवी जागा कशी ठरवतात?

चांगल्या जागेच्या अटी सरळ आहेत : एक्झॉस्ट आणि टर्बोपासून दूर, बॅटरीच्या खाली नाही, चाकाच्या शिंतोड्यांत नाही, हात सहज पोहोचेल अशी आणि पेडलापासून केबल फारशी न वाकवता नेता येईल अशी. बॉनेटखाली चालकाच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर म्हणजे फायरवॉलवर किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला अशी जागा सापडू शकते.

यात एक फायदा दडलेला आहे. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते. जोराची रेस दिली की ते एका बाजूला कलते. सेन्सर इंजिनावर असेल तर पेडल बॉडीला आणि सेन्सर इंजिनाला, असे केबलचे एक टोक स्थिर आणि एक हलते राहते. माउंट जुने झाले असतील तर इंजिन कलताना केबल किंचित ओढली किंवा सैल होते. सेन्सर बॉडीवर आणला की दोन्ही टोके एकाच सांगाड्यावर येतात आणि हा प्रश्न मिटतो.

ब्रॅकेट मात्र भक्कम हवा. पातळ पत्र्याची पट्टी वाकवून केलेला ब्रॅकेट पेडल दाबताना थोडा जरी लवला, तरी मोजणी बदलते आणि काही महिन्यांत पट्टीला चीर जाते.

केबल आणि लिव्हर : इथे चूक का महागात पडते?

पेडल किती खाली जाते, केबल किती ओढली जाते आणि लिव्हर किती अंश फिरतो, या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. लिव्हरची लांबी बदलली तर तेवढ्याच ओढीत तो कमी किंवा जास्त फिरतो. तो कमी फिरला तर इंजिनला पूर्ण रेस कधीच मिळत नाही. जास्त फिरला तर पेडल तळाला टेकण्याआधीच सेन्सर शेवटच्या टोकाला पोहोचतो आणि चालकाच्या पायाचा सगळा जोर त्याच्या प्लास्टिकच्या घरावर येतो. म्हणून पाय अडायला हवा तो पेडलाच्या स्टॉपवर, सेन्सरवर नाही.

१९९८ ते २००२ च्या इंजिनांबाबत आणखी एक बाब आहे. या सेन्सरचे कॅलिब्रेशन कारखान्यात ब्रॅकेटसकट केलेले असते. सेन्सर, लिव्हर आणि ब्रॅकेट हा संपूर्ण संच एकत्र बदलायचा असतो. स्क्रू सोडवून नुसता सेन्सर वेगळा केला की ते जुळलेपण जाते. त्यामुळे हलवायचे असेल तर पूर्ण संच जसाच्या तसा हलवणे शहाणपणाचे. ज्यांना हे शक्य नसते ते बाजारात मिळणारे, मीटर लावून जुळवता येणारे सेन्सर वापरतात. त्यात आयडलचे व्होल्ट आणि स्विच यांचा मेळ हाताने बसवावा लागतो.

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या त्या काळच्या गाड्यांत याच लिव्हरला आणखी एक केबल जोडलेली असते. ती गिअरबॉक्सला जाते. पेडल किती दाबले आहे त्यानुसार गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब आणि गिअर बदलण्याची वेळ ती ठरवते. सेन्सरचा संच हलवताना ही केबल मागे राहिली किंवा सैल बसली, तर इंजिन उत्तम चालेल, पण तेलाचा दाब कमी पडून गिअरबॉक्सचे क्लच घसरत राहतील आणि जळतील. सेन्सरच्या कामात गिअरबॉक्स गमावण्याची वेळ अशी येते.

वायर लांबवली तर सिग्नल कमी होतो का?

ही भीती बहुतेकांना असते, आणि ती चुकीच्या जागी असते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा अडथळा मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम असतो. दोन मीटर वायर वाढवली तरी ०.०४ ओहमच्या आत. सेन्सरच्या पट्टीचा अडथळा हजारांत असतो. त्यापुढे हा आकडा काहीच नाही.

खरा धोका जोडात असतो. उदाहरण म्हणून सेन्सरची पट्टी २,५०० ओहमची धरू. पाय वर असताना पाते अर्थच्या टोकापासून दहा टक्क्यांवर, म्हणजे २५० ओहमवर आहे. ५ व्होल्टच्या दहा टक्के म्हणजे ०.५ व्होल्ट मिळतात. आता अर्थच्या वायरीचा जोड ओलाव्याने गंजला आणि तिथे १०० ओहमचा अडथळा आला. एकूण अडथळा २,६०० झाला आणि पात्याखालचा ३५०. सिग्नल होतो ०.६७ व्होल्ट. पाय हलला नाही, पण संगणकाला तो थोडा खाली गेल्यासारखा दिसतो. स्विच मात्र पाय वर असल्याचे सांगत राहतो. दोघांचे जमत नाही आणि पेडल मेल्यासारखे होते. दमट हवेत बिघडणारी आणि ऊन पडले की सुधारणारी गाडी अनेकदा अशाच जोडाची बळी असते.

म्हणून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळणे इथे चालत नाही. नीट क्रिंप केलेला किंवा सोल्डर केलेला जोड, त्यावर आतून चिकटणारी आणि उष्णतेने आवळणारी नळी, आणि जोडाला ताण येऊ नये म्हणून जवळच क्लॅम्प, एवढे हवेच. एकाच कनेक्टरमधल्या सगळ्या वायरींचे जोड एकाच रेषेत न घेता मागे-पुढे घ्यावेत, म्हणजे टेप सुटला तरी ते एकमेकांना टेकणार नाहीत. अर्थची वायर जवळच्या बोल्टला जोडून टाकण्याचा मोह टाळावा. ती संगणकाकडेच परत गेली पाहिजे. बॉडीच्या अर्थमध्ये स्टार्टर आणि हीटरच्या प्रवाहाने होणारे चढउतार थेट सिग्नलमध्ये उतरतात.

वायरीची वाटही महत्त्वाची. अल्टरनेटरची जाड वायर आणि हवा गरम करणाऱ्या हीटरच्या केबल यांच्यातून मोठा प्रवाह वाहतो. सिग्नलची वायर त्यांच्या कडेने बांधून नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. वाढवलेल्या वायरी एकमेकींभोवती पिळून नेल्या तर बाहेरचा विद्युत गोंगाट आणखी कमी होतो.

काम झाल्यावर संगणकाला काय सांगावे लागते?

काम सुरू करताना दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी काढलेल्या असतात. या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असल्याने एकच काढून भागत नाही. सेन्सर बसवून झाला की त्याची नवी सुरुवात आणि शेवट संगणकाला शिकवायचा असतो. पद्धत सोपी आहे : चावी ‘ऑन’वर न्यायची, इंजिन सुरू करायचे नाही, पेडल सावकाश तळापर्यंत दाबायचे आणि सावकाश सोडायचे. मग चावी बंद करायची. एवढे एकदा केले की संगणक नवे आकडे लक्षात ठेवतो. हे केले नाही तर चांगल्या सेन्सरवरही त्रुटीचा संकेत येऊ शकतो आणि मालकाला वाटते, नवा भागच सदोष निघाला.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत अ‍ॅक्सिलरेटरच्या यंत्रणेसाठी वेगळे संघीय सुरक्षा मानक आहे, क्रमांक १२४. ते १९७३ पासून लागू आहे. त्याचा गाभा असा : चालकाने पाय उचलला की इंजिन आयडलवर आलेच पाहिजे. त्यासाठी किमान दोन स्वतंत्र स्रोत, व्यवहारात दोन स्प्रिंगा, असायला हव्यात आणि एक निकामी झाली तरी दुसरीने काम केले पाहिजे. यंत्रणेतला कुठलाही एक जोड सुटला किंवा तुटला तरीही आयडलवर परतणे घडले पाहिजे. वेळही ठरवून दिलेली आहे : ४,५३६ किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या वाहनांना १ सेकंद, त्याहून जड वाहनांना २ सेकंद आणि उणे १८ ते उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीत ३ सेकंद.

सेन्सर हलवणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत ते दंडाच्या भीतीने नव्हे. केबल जास्त वाकवली, तिच्या आवरणात पाणी जाऊन गोठले, लिव्हर शेजारच्या नळीला अडकला किंवा जुन्या ब्रॅकेटवरची दुसरी स्प्रिंग नव्या जागेत बसत नाही म्हणून काढून टाकली, तर मोडतो तो नेमका हाच नियम. मूळ सेन्सर बिघडला तर गाडी थांबते. चुकीचा हलवलेला सेन्सर बिघडला तर गाडी थांबतच नाही, असे होऊ शकते.

शिवाय सुरक्षेसाठी बसवलेली यंत्रणा निकामी करण्यास अमेरिकी कायद्यात उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांना मनाई आहे. स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्या मालकाला ही तरतूद तशी लागू होत नाही. पण अपघात झाल्यास जबाबदारीचा प्रश्न उरतोच.

रस्त्यावर नेण्यापूर्वी काय तपासावे?

आधी इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबून एकदम सोडावे. लिव्हर झटक्यात आणि पूर्ण परत यायला हवा. हेच पंधरा-वीस वेळा. मग एक स्प्रिंग काढून पुन्हा, आणि ती लावून दुसरी काढून पुन्हा. नंतर चाकांना अडण लावून, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू करून तपासावे. इंजिन पूर्ण तापल्यावर परत, आणि रात्रभर थंड झाल्यावर सकाळी परत. बॉनेट लावल्यावर केबल कुठे दबत नाही ना, हेही पाहावे. पहिली फेरी ट्रेलरशिवाय, मोकळ्या रस्त्यावर.

आणि कधी रेस अडकलीच तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येक चालकाला आधीच माहीत असावे : ब्रेक घट्ट दाबायचा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा, गाडी कडेला घेऊन थांबली की चावी बंद करायची. न्यूट्रलमध्ये इंजिन मोठ्याने ओरडेल, पण त्याचा कमाल वेग नियंत्रित असतो. गाडी चालत असताना चावी पूर्ण फिरवून काढू नये; स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

कंपन्यांनी यावर काय उत्तर शोधले?

केबलच काढून टाकली. २००७ मध्ये आलेल्या ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनाच्या पिढीत सेन्सर थेट केबिनमधल्या पेडलावर बसलेला दिसतो. तिथे चिखल नाही, बॅटरी नाही, इंजिनाची उष्णता नाही. ओढायला तारच नसल्याने भूमितीचा प्रश्नही उरत नाही. आजच्या बहुतेक सर्व गाड्यांत हीच पद्धत आहे. अनेक नव्या सेन्सरमध्ये घासणारे पातेही नसते. चुंबकाच्या हालचालीवरून मोजणी होते आणि दोन स्वतंत्र सिग्नल संगणकाला जातात.

अर्थात यानेही सगळे प्रश्न सुटले नाहीत. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारींवरून अमेरिकेत गदारोळ झाला, तेव्हा तपासात ‘नासा’च्या अभियंत्यांची मदत घेतली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात मोठ्या अपघाती वेगवाढीला इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नसल्याचे म्हटले होते. अडकणारे पेडल आणि पेडलात गुंतणारी पायपुसणी ही यांत्रिक कारणे ठरली. मात्र पोटेन्शिओमीटर पद्धतीच्या काही पेडल सेन्सरमध्ये कथिलाचे केसाएवढे तंतू वाढल्याचेही त्यांना आढळले. इतक्या छोट्या भागाकडे किती बारकाईने पाहावे लागते, याचे हे उदाहरण.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या ट्रकशी थेट काम पडण्याची शक्यता कमी. पण त्यामागची नावे ओळखीची आहेत. कमिन्सची इंजिने पुण्यात १९६० च्या दशकापासून बनत आहेत आणि बॉशचा नाशिकचा कारखाना डिझेल इंजेक्टरसाठी ओळखला जातो. शिवाय इथल्या मालवाहू पिकअपमध्येही पेडलाचा सेन्सर, त्याची ५ व्होल्टची वायर आणि अर्थचा जोड असतोच. गाडी रेस घेईनाशी झाली की लगेच नवा सेन्सर विकत घेण्याआधी कनेक्टर उघडून पिना पाहणे आणि अर्थचा जोड तपासणे, ही सवय इथेही तितकीच उपयोगी आहे. आणि जागा बदलायचीच असेल, तर आधी दोन्ही स्प्रिंगा कुठे बसणार हे ठरवावे, मगच पहिला बोल्ट सोडवावा.